फैजपूरचे दामले मास्तर

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील एखाद्या दिवंगत कर्त्या पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा आजवरचा प्रघात आहे. यंदा तो आम्ही मोडीत आहोत, आणि त्यासाठी संपादक-मंडळाची रीतसर संमती घेतली आहे. ज्यांचे चरित्र येथे सांगावयाचे ते गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हते, जन्माने खानदेशचेही नव्हते. ते कोकणात जन्मले आणि त्यांचा देह कर्नाटकात पडला. मधली सुमारे सात वर्षे मात्र त्यांनी आपल्या मुलखात मुलांस शिकविण्यात घालविली. त्यांचे नाव कृष्णाजी केशव दामले. महाराष्ट्र त्यांस कवी केशवसुत म्हणून ओळखतो.

प्रघात मोडण्यास कारण घडले ते असे. गतवर्षीच्या स्मरणिकेसाठी आलेले साहित्य निवडण्याचे काम आमच्याकडे होते. जाहिराती अपेक्षेपेक्षा अधिक आल्या, पाने अपुरी पडली, आणि सात-आठ जणांस त्यांचे लेखन साभार परत करावे लागले. त्यात अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाच्या दोन कविता होत्या. वृत्त लंगडते आहे, यमके ओढूनताणून आणलेली आहेत, एवढे आम्ही पाहिले, छापील चिठ्ठी जोडली आणि पाकीट बंद केले. चार महिन्यांनी एका लग्नसमारंभात त्याचे वडील भेटले. पाकीट हाती पडल्यावर मुलाने कवितांची सगळी वही बंबात घातली, आणि तेव्हापासून त्याने एक ओळ लिहिली नाही, असे त्यांच्याकडून कळले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट मुलगा आता अभ्यासाला लागला याचे त्यांस समाधान होते. आम्हांस मात्र त्या रात्री स्वस्थ झोप आली नाही. ज्याने जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्याने त्या दोन कवितांखाली स्वहस्ते दोन ओळीही लिहू नयेत, ही गोष्ट मनास लागून राहिली.

‘साभार परत’ या दोन शब्दांची ओळख आम्हांसही आहे. तरुणपणी आमच्या कविता ज्या मासिकांकडे गेल्या, तेथून त्या नियमितपणे घरी परत आल्या. पुढे आम्ही लिहिणे सोडले. कोणी विचारलेच तर शाळेच्या कामातून सवड होत नाही, असे उत्तर देत असू. ते उत्तर किती पोकळ होते, हे दामले मास्तरांच्या चरित्राकडे पाहिले म्हणजे कळते. कारण त्यांसही शाळाच होती, आणि ती आमच्या शाळेहून अधिक कष्टाची होती.

कृष्णाजीपंतांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील केशवपंत हे शाळामास्तर. भावंडे पुष्कळ, प्राप्ती बेताची. घराण्यात बुद्धी मात्र उदंड होती. थोरले बंधू श्रीधर हे मोठे हुशार, पण ऐन उमेदीत वारले. दुसरे बंधू मोरो केशव दामले यांनी पुढे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा १९११ सालचा प्रचंड ग्रंथ लिहिला, तो आजही मराठी व्याकरणाचा आधारग्रंथ समजला जातो. धाकटे सीताराम केशव हे पत्रकार व कादंबरीकार झाले. अशा घरात कृष्णाजीचे शिक्षण मात्र सारखे तुटत गेले. खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे अशी गावे बदलत, नातलगांच्या आश्रयाने तो शिकला. नागपुरास नारायण वामन टिळकांचा सहवास लाभला. पुढे ख्रिस्ती झालेले आणि रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्धी पावलेले ते हेच. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये असताना आगरकरांच्या विचारांचा ठसा मनावर उमटला. मॅट्रिकची परीक्षा उतरण्यास १८८९ साल उजाडले. तेव्हा वय तेवीस. पुढे कॉलेजचे दार उघडले नाही. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेले असल्यामुळे या एका गोष्टीबद्दल आम्हांस त्यांच्याविषयी आपलेपणा वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

मॅट्रिक होण्यापूर्वीच ते कवी झाले होते. आरंभ रघुवंशातील एका भागाच्या भाषांतराने झाला, म्हणजे जुन्या, मान्य वाटेने झाला. त्याच वाटेने ते चालत राहते तर चार जाणत्यांची शाबासकी सुखाने मिळती. त्या काळी कविता म्हणजे पुराणातील आख्यान, संस्कृत वृत्त, श्लेष आणि यमकांची आतषबाजी, अशी सामान्य समजूत होती. या तरुणाने ती वाट सोडली. इंग्रजी कवींचे वाचन, विशेषतः पाल्ग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’ या संग्रहाचे परिशीलन, त्यास कारण झाले. कवीच्या स्वतःच्या मनात जे उठते तेही कवितेचा विषय होऊ शकते, इतकेच नव्हे तर उपाशी मजूर आणि शिवाशिवीने दूर लोटलेले पोर हेही होऊ शकतात, असे त्यांनी करून दाखविले. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता १८८८ सालची आहे. ज्ञातिसंस्थेच्या पुस्तकात या कवितेचे नाव घेताना आपण थोडी मान खाली घालूनच ते घेतले पाहिजे. ‘नवा शिपाई’ या दुसऱ्या कवितेत तर त्यांनी स्वतःची जात आणि पंथ यांचे कुंपणच नाकारले आहे. त्यांस आपल्या स्मरणिकेत बसविल्याचे कळते, तर ते हसले असते की रागावले असते, हे सांगवत नाही.

१८९२ साली त्यांनी चौदा ओळींचे इंग्रजी सॉनेट मराठीत आणले. ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतील पहिले सुनीत. पुढल्या वर्षी मुंबईत ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ या दोन कविता झाल्या. वृत्तांची मोडतोड, जातींची मिसळ, ओळींची मनास वाटेल तशी लांबी, हे सारे नवे होते आणि पुष्कळांस ते अज्ञान वाटले. ‘झपूर्झा’ या शब्दाचा अर्थच कोणास लागेना. मुलींच्या झिम्मा-फुगडीच्या खेळातून उचललेल्या त्या शब्दावरून कवीची थट्टा झाली. दुर्बोध हा शिक्का त्यांच्या कवितेवर बसला, आणि तो पुष्कळ काळ पुसला गेला नाही. मराठी कवितेच्या पाठ्यपुस्तकात ज्यांस आज पहिले स्थान देतात, त्यांस त्यांच्या काळच्या सामान्य वाचकाने ओळखलेच नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. केशवसुतांस सर्वांनीच झिडकारले, असे म्हणणे खरे नव्हे. हरि नारायण आपट्यांनी आपल्या ‘करमणूक’ पत्रात त्यांच्या कवितांस जागा दिली. गोविंद वासुदेव कानिटकरांसारखे स्नेही होते. छापणारे चार-दोन होते. वाचून ओळखणारे नव्हते. आमच्या मते ही उपेक्षा संपादकाच्या नकाराहून कठीण असते. नकार आला तर निदान कोणी वाचल्याची खूण तरी सापडते. छापलेली कविता विहिरीत टाकलेल्या दगडासारखी नाहीशी व्हावी आणि आवाजही येऊ नये, हे ज्याने सोसले त्यासच कळेल.

त्यांनी ते कसे सोसले? त्यांचा स्वभाव अबोल व एकलकोंडा. सभा-संमेलनांत मिरविणे नाही, वर्तमानपत्री वाद नाहीत. आपल्या कित्येक कविता त्यांनी टोपणनावांखाली दिल्या. ‘केशवसुत’ हे नावही बापाच्या नावाआड उभे राहण्यासारखेच आहे. पण ते गप्प बसले असेही नाही. कवीने काय व कसे लिहावे याचा उपदेश करणारांस त्यांनी विशीतच, १८८६ साली, ‘कविता आणि कवी’ या कवितेत उत्तर दिले होते. त्या उत्तरात तरुण माणसाची चीड आहे. कविता कशाला हवी, असे विचारणारांसाठी ‘कवितेचे प्रयोजन’ लिहिले. टीकाकारास द्यावयाचे उत्तर कवितेतच द्यावयाचे आणि ते कविता म्हणूनही टिकले पाहिजे, असा जणू त्यांनी नेमच केला होता. नकार हाच त्यांस विषय पुरवीत असे. आमच्या वाट्यास आलेल्या नकारांचे आम्ही काय केले, तर ते ट्रंकेत बांधून ठेवले.

पोटाचा प्रश्न यापुढे उभा होताच. मुंबईत शिकवणी, लहानसहान नोकऱ्या अशा ओढगस्तीत आठ वर्षे गेली. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, माणसे शहर सोडून पळू लागली. १८९७ मध्ये केशवसुत खानदेशात आले. प्रथम भडगाव आणि नंतर फैजपूर.

त्या वेळचा खानदेश डोळ्यांसमोर आणावा. धुळे आणि जळगाव हे दोन जिल्हे तेव्हा वेगळे नव्हते. सर्व मिळून एकच खानदेश जिल्हा, आणि त्याचे ठाणे धुळ्यास. पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी १९०६ साली झाली. ‘कवी विनायक’ म्हणून गाजलेले विनायक जनार्दन करंदीकर हे धुळ्याचे, १८७२ चा जन्म, म्हणजे केशवसुतांहून सहाच वर्षांनी लहान. यावल तालुक्यातील फैजपूर म्हटले की लोकांस १९३६ चे काँग्रेसचे अधिवेशन आठवते, खेडेगावात भरलेले पहिले अधिवेशन म्हणून. त्याच्या सुमारे तीन तपे आधी तेथील अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत आधुनिक मराठी कवितेचा हा जनक फळ्यावर खडूने लिहीत होता, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? आज त्या बाजूस केळीच्या बागांची हिरवी रांग सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गेलेली दिसते. केशवसुतांच्या वाट्यास आले ते दुष्काळाचे खानदेश. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ, जुनी माणसे ज्यास छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो त्यांच्या येथील वास्तव्यातच पडला. दुष्काळात खेड्यातील शाळेचा पट कसा गळत जातो, हे शिक्षकाच्या पेशातील माणसास वेगळे सांगावयास नको.

पुणे-मुंबई सुटली म्हणजे साहित्य सुटले, असा समज तेव्हा होता आणि आजही आहे. केशवसुतांच्या बाबतीत तसे झाले नाही, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय आपल्या जळगावास आहे. १८८७ सालापासून जळगावात नारायण नरसिंह फडणीस हे ‘काव्यरत्नावली’ नावाचे मासिक काढीत असत. त्यात कवितेवाचून दुसरे काही नसे. ना कादंबरी, ना राजकारण. ज्या गावात कापसाचे भाव हीच मुख्य वार्ता, तेथे निव्वळ कवितांचे मासिक काढणे, आणि तेही चार दशकांहून अधिक काळ, हा उद्योग व्यवहारी माणसाने वेडेपणाच म्हटला असेल. त्या वेड्या उद्योगात केशवसुतांच्या अनेक कवितांस आसरा मिळाला. नवे-जुने, वृत्तबद्ध-स्वैर असा भेद फडणीसांनी केला नाही. फैजपूर ते जळगाव हे अंतर तरी किती! बैलगाडी आणि आगगाडी मिळून एका दिवसाच्या टपालाचे. मोबदला म्हणून कवीस एक पैसाही मिळण्याचा तो काळ नव्हे. प्रत हाताने उतरवावयाची, टपालहशील पदरचे खर्चावयाचे, आणि महिनाभर वाट पाहावयाची. उपेक्षित लेखकास टाळ्यांपेक्षाही ज्यावर कविता पाठविता येईल असा एक पत्ता अधिक लागतो, असे आम्हांस आता वाटते. केशवसुतांजवळ तसे दोन-तीन पत्ते होते, आणि त्यातला एक जळगावचा होता.

‘आम्ही कोण?’ ही सर्वांच्या परिचयाची कविता फैजपुरातली, १९०१ सालची. कवी म्हणजे काय उपयोगाचा प्राणी, या जगाच्या जुन्या प्रश्नास दिलेले हे उत्तर आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या उत्तराशी ते ताडून पाहावे. येथे चीड उरलेली नाही. जगाने ज्यास ओळखले नाही तो मनुष्य जगातील आपले स्थान निःशंकपणे सांगतो आहे. त्यात दर्प आहे असे काहींस वाटते. आम्ही शाळेत ही कविता कित्येक वर्षे शिकविली आणि आम्हांसही आरंभी तसेच वाटे. पण ती कोणत्या खोलीत बसून लिहिली गेली, हे ध्यानी घेतले म्हणजे मत बदलते. ज्याच्या नावावर एकही पुस्तक नाही आणि ज्यास आसपासचे लोक केवळ इंग्रजी शाळेचे मास्तर म्हणून रामराम करतात, त्याचा तो दर्प नव्हे. ती स्वतःस दिलेली हिंमत आहे. (त्यांचे ‘आम्ही’ सगळ्या कवींच्या वतीने आलेले आहे. या लेखातील ‘आम्ही’ हे मास्तरकीची जुनी खोड, तिचा त्याच्याशी संबंध नाही.)

तथापि माणूस दगडाचा नसतो. वर्षानुवर्षे प्रतिसाद नसला म्हणजे आतून काही झिजतेच. १९०४ साली ते खानदेश सोडून धारवाडच्या सरकारी हायस्कुलात गेले, आणि १९०५ मध्ये त्यांनी ‘हरपले श्रेय’ लिहिली. काहीतरी अमोल होते, ते हरवले, आणि आता त्याचा शोधच तेवढा उरला आहे, असा तीत भाव आहे. काय हरवले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आम्ही विद्वान नव्हे. परंतु ती वाचताना, हिंमत धरून बसलेल्या त्या माणसाने रात्री दिवा मालवल्यावर काय सोसले असेल, याची थोडी कल्पना येते. म्हणून नकार पचविणे सोपे असते, असे त्यांच्या नावावर कोणी मुलांस सांगू नये.

त्याच वर्षी हुबळीस गेले असता त्यांस प्लेगने गाठले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी ते वारले. वय अवघे एकोणचाळीस. आठवड्याच्या आसपास त्यांच्या पत्नीही त्याच आजाराने गेल्या. मागे लहान मुली राहिल्या. ज्या रोगामुळे मुंबई सोडून खानदेश गाठला, त्यानेच शेवटी हुबळीत सूड घेतला. उपेक्षेने त्यांचा बळी घेतला असे कोणी हळवेपणाने म्हणेल, तर ते खरे नव्हे. इंग्रज कवी कीट्स याच्याविषयीही तशीच दंतकथा आहे. १८१८ साली त्याच्या दीर्घ काव्यावर नियतकालिकांनी निर्दय टीका केली आणि त्या टीकेने तो १८२१ साली मेला, असे लोक सांगत. तो मेला क्षयाने, आणि टीकेनंतरच्या वर्षात त्याने आपली सर्वोत्कृष्ट काव्ये लिहिली. मारण्याइतके सामर्थ्य टीकेत क्वचितच असते. लेखणी खाली ठेवावयास लावण्याइतके मात्र असते.

केशवसुतांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. आज उपलब्ध असलेल्या त्यांच्या सर्व कविता मोजल्या तर १३५ च्या आसपास भरतात. शाळेच्या एका वहीत मावतील. मृत्यूनंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर हरि नारायण आपट्यांनी त्या ‘केशवसुतांची कविता’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. तोवर चक्र फिरू लागले होते. राम गणेश गडकरी अभिमानाने स्वतःस केशवसुतांचा चेला म्हणवू लागले होते. १९२५ च्या ‘झेंडूची फुले’मध्ये आचार्य अत्र्यांनी ‘आम्ही कोण?’चे विडंबन केले. ज्या कवितेचे विडंबन लोकांस चटकन उमगते ती लोकांच्या तोंडी बसलेली असते, एवढे त्यावरून समजावे. याच अत्र्यांनी पुढे आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचे मोल ओळखले आणि १९५२ च्या संग्रहास प्रस्तावना लिहिली, हेही खानदेशाने विसरू नये. मालगुंड येथील केशवसुत स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. नवोदित कवी आता तेथे यात्रेस जावे तसे जातात.

पण आम्हांस वारंवार आठवते ते जळगावातील १९०७ चे कविसंमेलन. महाराष्ट्रातील कवींचे ते पहिले संमेलन, अध्यक्ष कर्नल कीर्तिकर. केशवसुतांस जाऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ते खानदेशातच राहिले असते आणि प्लेगने गाठले नसते, तर फैजपुराहून सहज येऊन बसले असते. स्वभाव पाहता बहुधा मागच्या रांगेत. त्या संमेलनात धरणगावचा विशीही न गाठलेला एक मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला. अध्यक्षांनी ती ऐकली आणि त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्या मुलाचे नाव. त्याचेही आयुष्य पुढे ओढगस्तीत गेले आणि १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली संपले. परंतु वयाच्या त्या कोवळ्या वर्षी जाणत्या वडीलधाऱ्यांनी त्याची कविता शेवटपर्यंत ऐकून घेतली होती.

गतवर्षी आम्ही ज्याच्या कविता परत केल्या तो मुलगा धरणगावच्याच बाजूचा आहे. स्मरणिकेचे अंक सभासदांच्या घरी पोहोचविण्याचे काम दरवर्षी तरुण मंडळी करतात. यंदा त्या रस्त्यावरील अकरा घरांचे अंक आम्ही मागून घेतले आहेत. मुलाने वही जाळली असली, तरी त्या दोन कवितांची प्रत संपादक-मंडळाच्या फायलीत शिल्लक होती. ती आता आमच्या पिशवीत आहे; या वेळी तिच्या समासात पेन्सिलीने पुष्कळ लिहिले आहे.